घमेल्यातलं पाणी

आयुष्यात मी एकच शोध लावला आणि तो एका घमेल्यात मावला. शोध लावणाऱ्यांच्या तसबिरी पुढं शाळेच्या भिंतीवर लागतात म्हणे. माझं घमेलं आमच्या बाईंनी लिंबाच्या बुडाशी पालथं करायला लावलं, आणि तेही माझ्याच हातांनी.

लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. इतका नवा, की कागदावर शिक्का जुन्याच जिल्ह्याचा उठायचा, त्यावर पेनानं काट मारायची आणि शेजारी 'लातूर' लिहायचं, असं बरेच दिवस चाललं. जिल्हा झाला म्हणून आमचा दवाखानाही मोठा होणार होता. नवी इमारत कमरेएवढी आली आणि सिमेंटची वाट बघत बसली. तोवर मुलांच्या वॉर्डासाठी एक रिकामं गोदाम घेतलं होतं. आधी त्यात तूर भरलेली असायची. खाटा टाकल्या, भिंतींना चुना मारला, तरी पंखा फिरला की भुसा उडायचा आणि पोरांना तपासता तपासता डॉक्टर शिंकायचे. पोरांच्या आया काळजीनं विचारायच्या, "डॉक्टरसाहेब, तुमी काई औषध घेता का न्हाई?"

तिथं मी ब्रदर म्हणून लागलो. ब्रदर म्हणजे नर्सच, फक्त मिशीवाली. कोर्स नांदेडला केला. गाव भोकरकडं. बाप विष्णुपुरीच्या धरणावर मातीकाम करायचा. पोरगा पांढऱ्या कपड्यांत दवाखान्यात कामाला लागला म्हटल्यावर त्यानं मुकादमाला सांगितलं, डॉक्टर झाला. आईनं तेच वस्तीत सांगितलं. मी दोघांचंही म्हणणं खोडून काढलं नाही. आईबापाला खोटं पाडणं माझ्या स्वभावात नाही, त्यात माझा फायदा असेल तर मुळीच नाही.

वॉर्डात मात्र माझी पायरी मला रोज दिसायची. मी बाळाचं दुपटं बदलायला लागलो की बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. "गड्याला बाईचं काम दिऊन राहिलं सरकार," असं एकीनं म्हटलं की दुसरी म्हणायची, "दिऊ दे की. घरी सवय लागंल."

आमच्या मेट्रनबाई उदगीरकडच्या. मेट्रन म्हणजे सगळ्या नर्सांची मुख्य. पन्नाशीला आलेल्या, बुटक्या, चालताना एक पाय किंचित ओढायच्या. बोली आमचीच, पण हेल कानडी. नर्सा त्यांना सिस्टर न म्हणता नुसतं बाई म्हणायच्या. मुख्य दवाखान्यात त्यांना टेबल, पंखा, पडदा सगळं होतं, पण त्यांनी आपली खुर्ची आणून टाकली ती या गोदामाच्या दाराशी. "जिथं रडारड जास्त तिथं खुर्ची," एवढंच त्याचं कारण.

त्यांच्या दोन सवयी आधी सांगायला पाहिजेत. वॉर्डात चारचौघांत त्या मला 'ब्रदर, तुम्ही' म्हणायच्या. सोबत कुणी नसलं की 'अरे, तू'. मी पुढं कितीतरी साहेब पाहिले. त्यांचं हे बरोबर उलटं असायचं. एकट्यात गळ्यात हात आणि लोकांसमोर 'ए, इकडं ये'.

दुसरी सवय जेवणाची. कुणाच्या हातून चूक झाली की बाई आधी विचारायच्या, "जेवलास का?" नव्या पोरींना वाटायचं, किती मायाळू. जुन्या सिस्टरा मात्र तिथंच आपली चूक आठवायला लागायच्या. जेवण झालं नसलं तर बाई आपल्याच डब्यातली ज्वारीची भाकर आणि शेंगदाण्याची चटणी पुढं करायच्या, शेवटचा घास गिळेपर्यंत पोरासोरांच्या गप्पा मारायच्या, आणि मग विषय काढायच्या. उपाशी माणसाला नुसता राग ऐकू येतो, चूक ऐकू येत नाही, असं त्यांचं मत होतं. माझी प्रकृती त्या काळात चांगली सुधारली, ती या पद्धतीमुळं.

मग पाऊस गेला. एक वर्ष गेला, वाटलं येईल. दुसऱ्या वर्षीही आला नाही. विहिरींनी तळ दाखवला. लोक तळाचं गढूळ पाणी वाटीनं उपसून पोराबाळांना पाजायला लागले, आणि आमचं गोदाम हगवणीच्या लेकरांनी भरलं. एका खाटेवर दोन दोन. टँकर यायचा, पण त्याची वेळ त्याच्या मनाची. आलेल्या पाण्यात प्यायचं, उकळायचं, दुपटी धुवायची आणि वर सगळ्यांनी हातही धुवायचे.

त्यातच बाईंचा भाऊ आजारी पडला आणि त्यांना उदगीरला जावं लागलं. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पाणी कमी पडंल. बाकी कशात बी काटकसर कर, हात धुण्यात करू नको. लेकराला हात लावायच्या आधी धुवायचा, नंतर धुवायचा. नातेवाइकांनी बी. एवढं सांभाळ."

आता एखाद्या साध्या माणसानं एवढं सांभाळलं असतं. मला डोकं होतं.

दुष्काळी कामावर मोडीत निघालेलं एक घमेलं मी आणलं. घासून लखलखीत केलं, दाराशी स्टुलावर ठेवलं, पाण्यानं भरलं आणि त्यात जंतू मारायच्या औषधाचे चार थेंब टाकले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. नियम असा, की येणाराजाणारा प्रत्येकजण त्यात हात बुडवणार. सिस्टर, आया, बाप, झाडूवाला, मी. पाणी सांडायचा प्रश्नच नाही. सकाळी भरलेलं घमेलं संध्याकाळपर्यंत पुरायचं. दुपारून त्याचा रंग ताकासारखा व्हायचा, मग मी आणखी दोन थेंब टाकायचो. एका सिस्टरनं विचारलंही, "ब्रदर, बाईंना विचारलं का?" मी म्हणालो, "बाई आल्यावर बघतीलच की."

या घमेल्याचा मला अभिमान वाटायचा त्याला आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला बोललो नव्हतो. आमची वस्ती बौद्ध झाली तेव्हा माझा जन्म व्हायचा होता. पण आजा त्याच्या आधीचं सांगायचा. गावच्या विहिरीवर त्यानं कधी घागर बुडवली नाही. काठापासून लांब उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार, यानं खाली वाकून ओंजळीत घ्यायचं. सांगताना तो ओंजळ करून दाखवायचा, आणि मला त्या रिकाम्या ओंजळीचा फार राग यायचा. इथं माझ्या घमेल्यात पाटलाचा हात बुडत होता, वडाराचा बुडत होता, माझा बुडत होता. पाणी एक. मी दाराशी उभा राहून ते बघायचो आणि आजा असता तर त्याला खुर्ची टाकून बसवलं असतं असं वाटायचं.

जळकोटकडची एक आजी तिच्या नातीला घेऊन आली होती. चांगल्या जमीनदार घरातली, हातात चांदीच्या पाटल्या. नात दीड वर्षाची असेल, जावळ अजून काढायचं होतं. पोरीची आई घरी बाळंत झालेली, म्हणून आजीच सोबतीला. आली तेव्हा पोरगी मान टाकून होती. चार दिवसांत बसायला लागली. हसायची मात्र नाही माझ्याकडं बघून. सुई टोचणारा तो मीच, हे तिनं नीट ध्यानात ठेवलं होतं.

आजीनं घरून पितळी लोटा आणला होता. ती बाहेर जाऊन लोट्यातल्या पाण्यानं हात धुवायची आणि घमेल्याला वळसा घालून आत यायची. एक दिवस मी तिला दाराशी अडवलं.

"आजी, हात इथं बुडवायचे."

"म्या धुतलेत की बाबा माझ्या लोट्यानं."

"इथं नियम सगळ्यांना एक हाय."

तिनं घमेल्यात पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "त्यात कुणाकुणाचे हात जात्यात, काय ठावं."

मला जे ऐकू यायचं ते ऐकू आलं. सगळा वॉर्ड बघत होता. मी तिच्या हातातला लोटा काढून घेतला, खिडकीत उंच ठेवला आणि म्हणालो, "सगळ्यांचे जात्यात. इथं सगळ्यांचं पाणी एक. बुडवा." म्हातारीनं बोटं बुडवली, पदराला पुसली आणि नातीजवळ जाऊन बसली. त्या दिवशी मी भाकरी नेहमीपेक्षा एक जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पाणीटंचाईचं बघणारे एक मोठे साहेब पाहणीला आले. त्यांना घमेलं फार आवडलं. "वा, ब्रदर. नव्या जिल्ह्याला अशीच डोकी पाहिजेत. सगळ्या दवाखान्यांत लावू. मी परवा बाकीच्या लोकांना घेऊन येतो, तुम्ही करून दाखवा." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी संध्याकाळी बापाला कार्ड टाकलं. त्यात काय लिहिलं ते सांगत नाही, पण मुकादमाला तो परवा उजाडायच्या आत सांगणार याची मला खात्री होती.

परवा उजाडला. सकाळी बाई उदगीरहून आल्या आणि पिशवीही खाली न ठेवता दाराशी थांबल्या.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. सविस्तर सांगितलं. साहेबांचा हात पाठीवर कुठं पडला तेही सांगितलं. बाई शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. समोरच्याला पूर्ण बोलू द्यायची त्यांची ही खोड फार वाईट. माणूस आपला खड्डा आपणच कडेनं साफ करून नीट खोदून देतो.

"बरं," त्या म्हणाल्या. "जेवलास का?"

सकाळी कसलं जेवण? मी तसं म्हणालो. त्यांनी पिशवीतून प्रवासातली उरलेली धपाटी काढली, एक माझ्या हातात दिलं आणि खुर्चीच्या कडेला बसवलं. मी चघळत राहिलो. त्या तेवढ्यात खाटांमधून फिरून आल्या, अंगात पाणी किती उरलंय ते कळावं म्हणून प्रत्येक लेकराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून पाहिली आणि परत येऊन हळू आवाजात विचारायला लागल्या.

"काल सकाळी घमेल्यात पहिला हात कुणाचा गेला?"

"कोपऱ्यातल्या खाटेवरच्या बाईचा. दुपटं बदलून आली होती."

"कसलं दुपटं?"

"घाण केलेलं." माझं चघळणं थांबलं.

"तिच्यामागं?"

"झाडूवाला. मग… मग जळकोटची आजी."

"आजीनं हात पुसून काय केलं?"

आजीनं दशमी दुधात कुस्करून नातीला भरवली होती. मी ती भरवताना पाहिली होती. उरलेलं धपाटं मी खाली ठेवलं. बाईंनी तांब्या पुढं केला.

"बऱ्या झालेल्या लेकरांत पुन्हा कोण कोण बिघडलंय?" एवढंच त्या म्हणाल्या. मी बोट दाखवायला लागलो. शेवटी बोट आजीच्या खाटेवर गेलं. घरी जायची गोष्ट चाललेल्या त्या पोरीला पहाटेपासून पुन्हा हगवण लागली होती. डोळे खोल गेले होते. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. ती रडत होती, पण आवाज मांजराच्या पिलासारखा, आणि गाल कोरडे.

आजी आमच्याकडंच बघत होती. ती उठली.

"बाईसाहेब, रडती बी कोरडी बगा. डोळ्यात टिपूस न्हाई. म्या म्हणलं व्हतं ह्याला, त्या पाण्यात मला हात घालाया लावू नको. कामून लावलास रे? माझा लोटा कामून काढून घेतलास?"

मी खिडकीतल्या लोट्याकडं पाहिलं.

तेवढ्यात डॉक्टर आले. त्यांनी पोरगी पाहिली, घमेलं पाहिलं, आणि त्यांचा आवाज चढला. "हे कुणाचं डोकं?"

मी तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "वॉर्ड माझा हाय, डॉक्टर. आधी लेकरू बघू."

शीर सापडेना. एवढ्या कोरड्या लेकराची शीर म्हणजे दुष्काळातली विहीर. बाईंनी पोरीचं डोकं दोन्ही हातांत धरलं, डॉक्टरांनी खूप वेळानं कपाळाच्या कडेला सुई बसवली. जाताना म्हणाले, "संध्याकाळपर्यंत लघवी झाली पाहिजे. रडताना डोळ्यांत पाणी आलं पाहिजे. नाही आलं तर अवघड आहे."

मी घमेलं उचललं, बाईंनी बोटानं दाखवलं तिथं, बाहेरच्या लिंबाखाली नेऊन पालथं केलं. आणि तसाच पुढं चालत एसटी स्टँडवर गेलो.

पुढं पश्चात्ताप झाला आणि कर्तव्याची हाक ऐकून परतलो, असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. खरं असं, की नांदेडची गाडी लागलीच नाही. मी बाकावर बसलो. साहेब आज येणार होते. बापाचं कार्ड पोचलं असणार. भोकरला उतरल्यावर काय सांगायचं, ते जुळवता जुळवता चहा घेतला. चहाच्या ग्लासात हात बुडवून धुतल्यासारखी चव होती. मग डोळ्यांसमोर सारखी ती चिमटीत उभी राहिलेली कातडी यायला लागली, आणि गाडी लागायच्या आधीच मी उठलो. गाडीची वाट बघायला लावणाऱ्या महामंडळाचे माझ्यावर उपकार आहेत.

बाई दाराशी खुर्चीत होत्या. कुठं गेला होतास, असं त्यांनी विचारलं नाही.

"स्टँडवरचा चहा घेतलास ना? तिथला लई पांचट असतो. चल, पोरगी वाट बघून राहिली."

"बाई, तिला दुसऱ्या कुणाकडं द्या."

"का?"

"आजी मला हात लावू देणार नाही. आणि…" मी स्टुलावरच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं. "बरोबरच होतं तिचं म्हणणं."

बाईंनी खुर्ची माझ्याजवळ ओढली. "तिचं कारण चुकलेलं होतं. तुझं पाणी चुकलेलं होतं. तुला दोन्ही एकदम धरता येईनात, म्हणून तू स्टँडवर गेलास. एक मी धरते. आता ऐक, तुझी कल्पना मी टाकून दिली न्हाई. पाणी वाचवायला पाहिजेच. हात बुडवायचा न्हाई एवढंच. एकानं लोट्यानं थोडं थोडं ओतायचं, दुसऱ्यानं खाली हात धरून चोळायचे. वापरलेलं पाणी खाली बादलीत, बादली लिंबाला."

मी ताडकन म्हणालो, "मी वरून ओतलेलं घेणार नाही."

कधी कुणाला न सांगितलेलं ते बोलून गेलो. आज्याची ओंजळ, विहीर, सगळं. बाईंनी तेही शेवटपर्यंत ऐकलं. पदरानं चष्मा पुसला, परत घातला.

"मग आधी तू ओत," त्या म्हणाल्या. "पहिले माझ्या हातावर."

आत जाऊन त्यांनी खिडकीतला पितळी लोटा काढला, आजीच्या हातात देऊन म्हणाल्या, "आजी, तुमचा हाय, तुमी दिला तर घेते." आजीनं बाईंकडं पाहिलं आणि लोटा परत दिला. मग सगळ्या वॉर्डासमोर बाईंनी वाकून हात पुढं केले. मी ओतलं. त्या बराच वेळ चोळत राहिल्या, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळ्यांना दिसावं असं. त्यांच्यामागं डॉक्टर आले. शिंकत शिंकत त्यांनीही हात पुढं केले. मग सिस्टरा, आया, झाडूवाला. आजी शेवटी आली. तिनं हात पुढं केले, नजर बाजूला. मी ओतलं.

"आता ब्रदरांचे हात राहिले," बाई म्हणाल्या. "आजी, तुमच्या नातीला मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं तेच पाजणार हायेत. त्यांचे हात तुमच्या समोर धुतलेले बरे. घ्या लोटा." आणि दुसरीकडं काहीतरी काम आठवल्यासारख्या निघून गेल्या.

आजीनं लोटा घेतला. उंच धरला. माझ्या हातांवर धार लांबून पडली. माझे कान तापले, पण समोर पोरगी कोरडी रडत होती. मी चोळले, पुसले आणि खाटेशी बसलो.

लेकराला चमच्यानं पाणी पाजणं म्हणजे घाईच्या माणसाला शिक्षा. एक चमचा, थांबायचं, ओकत नाही ना बघायचं, मग दुसरा. सलाईनचा थेंब बघायचा. मध्येच दुपटं बदलायचं. दुपटं बदललं की हात धुवायचे, म्हणजे आजी, लोटा, धार. असं किती वेळा झालं कोण जाणे. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता म्हातारी काहीतरी बोलेल. ती बोलायची नाही. लोटा मात्र दर खेपेला थोडा थोडा खाली यायला लागला होता. हे मला उशिरा कळलं. एका खेपेला मी पाठीला रग लागली म्हणून घाईघाईत दोन बोटं भिजवून उठायला लागलो, तर तिनं माझं मनगट पकडलं.

"हे काय धुणं झालं? बाईनं कसं केलं व्हतं? आसं." आणि आपल्या अंगठ्यानं माझा तळवा चोळायला लागली, जणू मीच तिचं उष्टे हात घेऊन पळणारं नातवंड. मी दुसरा हातही पुढं केला. ओंजळ भरून वाहत होती.

दुपार कलता कलता साहेब आले, सोबत चारपाच माणसं. घमेलं कुठाय म्हणाले. मी चमचा हातात धरून खाटेमागं जितकं लहान होता येईल तितका झालो.

बाई पुढं झाल्या. "बंद केलं, साहेब."

"का? फार चांगलं होतं ते."

"त्यानं लेकरं परत आजारी पडली. एक तिकडं हाय, अजून धोक्यातच हाय."

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला ओळखलं. "हेच ना ते ब्रदर?"

"हेच," बाई म्हणाल्या. "पाणी वाचवायचं यांनी मनावर घेतलं म्हणून आमी आज इथवर आलो. रीत चुकली, ती सकाळी बदलली. मी इथं नव्हते, माझ्यामागं विचारायला कुणी ठेवलं न्हाई, ती चूक माझी. नवी रीत ब्रदरच दाखवतील. या हो, ब्रदर."

मी दाखवली. माझं अर्धं लक्ष मागं खाटेवर होतं, म्हणून पहिली धार साहेबांच्या बाहीवर आणि दुसरी त्यांच्या बुटावर गेली. सोबतचे लोक भिंतीकडं बघायला लागले. साहेबांनी मात्र निमूट हात चोळले. तेवढ्यात बाई अगदी सहज म्हणाल्या, "एक माणूस सारखा ओतण्यात अडकतो, साहेब. बुडाशी तोटी लावलेला पत्र्याचा डबा मिळाला तर बरं. आणि टँकर आमच्याकडं सकाळीच आला तर." बूट ओला असलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. डबा चार दिवसांत आला, टँकरही सकाळी यायला लागला. मी सांडलेल्या पाण्याचा त्यात काही वाटा होता असं मी बाईंना सुचवून पाहिलं, त्यांनी विचारलं, "जेवलास का?"

पण हे नंतरचं. साहेब गेले तेव्हा पोरगी निपचित होती. उन्हं खिडकीतून खाली उतरली होती. आजी खाटेच्या पायाशी बसून काहीतरी पुटपुटत होती. बाई येऊन माझ्या शेजारी खालीच बसल्या, पाय लांब करून. मला वाटलं त्या धीर द्यायला आल्यात. त्या नुसत्या बसल्या. मी चमचा भरत होतो, त्या ओठाच्या कडेनं ओघळलेलं टिपत होत्या. मध्येच दुपटं ओलं लागलं. मी वास घेऊन पाहिला आणि बाईंकडं बघितलं. त्यांनीही घेतला. लघवी होती. कुणाच्या लघवीच्या वासानं दोन शहाणी माणसं एवढी खूश झालेली मी नंतर कधी पाहिली नाहीत.

"अजून डोळे राहिले," बाई म्हणाल्या.

मी हात धुऊन परत आलो आणि पुढचा चमचा घेऊन वाकलो. पोरीनं पापण्या उघडल्या. माझ्याकडं पाहिलं. ओळखलं. सुईवाला. तिचा खालचा ओठ थरथरला आणि तिनं भोकाड पसरलं, चांगलं, गोदामाचे पत्रे वाजतील असं. आजी धडपडत उठली आणि तिनं पोरीच्या गालाला बोट लावलं. बोट ओलं होतं. तिनं ते बाईंना दाखवलं, मग मला दाखवलं.

बाईंनी सिस्टरला डॉक्टरांना बोलवायला पिटाळलं. तोवर पोरगी दमून गप्प व्हायला लागली. आजीला काळजी पडली, डॉक्टर येईपर्यंत सगळं वाळून गेलं तर?

"बाबा," ती मला म्हणाली, "जरा अजून एकदा तोंड दाव की तिला. जवळून दाव."

मी बाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "दाखवा, ब्रदर. तुमच्यासारखं कुणालाच जमणार न्हाई."

मी मिशी फेंदारून वाकलो. पोरगी पुन्हा सुरू झाली. दोन्ही गालांवरून खाली ओघळलं, आणि आजीनं ते पुसलं नाही. डॉक्टर येईपर्यंत तिनं कुणालाच पुसू दिलं नाही.